नाणेनिधी, जागतिक बँक आणि शाळा-दवाखान्याचा खर्च: शर्त नेमकी कुठं बसते?

बालाघाट

मराठवाड्यात जागतिक बँकेचं नाव गावोगाव पोचलं ते दोन कारणांनी. एक, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आणि नंतर कर्जातून उभी राहिलेली पुनर्वसित गावं. दुसरं, १९९४ चा जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम, म्हणजे डीपीईपी. त्याच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले पाच जिल्हे होते: औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद, परभणी. पाचही आपलेच. हिंगोली तेव्हा परभणीतच होता. जालना आणि बीड दुसऱ्या टप्प्यात आले, धुळे-गडचिरोलीबरोबर. निवड झाली ती स्त्री-साक्षरतेवर: १९९१ च्या जनगणनेतल्या ३९.२९ टक्के या राष्ट्रीय सरासरीच्या खाली असलेले जिल्हे. म्हणजे अख्खा मराठवाडा या कर्जाच्या नकाशात होता.

तरीही या विषयावर बोलणं निघालं की "बँकेनं शाळा दिल्या" किंवा "बँकेनं सरकारी दवाखाने मोडले" या दोन वाक्यांपलीकडं गाडी जात नाही. कर्जाचा आकडा किती, यापेक्षा त्याची शर्त कोणत्या ओळीवर बसते ते बघायला हवं. धागा त्यासाठीच.

आधी एक गल्लत दूर करू. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी (आयएमएफ) आणि जागतिक बँक या दोन्ही संस्था १९४४ च्या ब्रेटन वूड्स परिषदेतून निघाल्या, पण कामं वेगळी. नाणेनिधी देशाच्या तिजोरीला परकीय चलनाच्या टंचाईत कर्ज देतो. तो शाळा बांधत नाही, दवाखाना बांधत नाही. जागतिक बँक प्रकल्पाला किंवा धोरणबदलाला कर्ज देते. त्यामुळं शिक्षण-आरोग्यावर नाणेनिधीचा परिणाम सहसा आडून होतो आणि बँकेचा समोरून.

नाणेनिधीच्या कार्यक्रमात शर्तींचे चार प्रकार असतात. करार मंजूर होण्याआधीच करायच्या गोष्टी, या पूर्वअटी. मग कामगिरीचे निकष: तूट अमुकच्या आत, परकीय चलनाची गंगाजळी तमुकच्या वर. हा निकष चुकला की पुढचा हप्ता थांबतो, कार्यकारी मंडळाकडून सूट घ्यावी लागते. तिसरा प्रकार सूचक लक्ष्यांचा. ती चुकली तर आढाव्यात चर्चा होते, हप्ता आपोआप थांबत नाही. चौथे रचनात्मक टप्पे: कायदा करा, करप्रणाली बदला वगैरे.

आता बघा. तूट, किंवा व्याज वगळून काढलेली प्राथमिक शिल्लक, जवळपास नेहमी कामगिरीच्या निकषात असते. आरोग्य-शिक्षणावरचा किमान खर्च असलाच तर बहुतेकदा सूचक लक्ष्यात. पाकिस्तानच्या सप्टेंबर २०२४ च्या ७ अब्ज डॉलरच्या कार्यक्रमात हीच मांडणी आहे. दोन्ही आकडे एकाच तक्त्यात छापलेले, पण एक चुकला तर हप्ता अडकतो आणि दुसरा चुकला तर नाराजीचं वाक्य येतं. आर्थिक वर्ष संपायच्या तोंडावर कोणता अर्थसचिव कोणता आकडा सांभाळील, हे सांगायला नको.

---

मन्याड

बालाघाट सर, धाग्याबद्दल मनापासून आभार. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत "वित्तीय शिस्त" एवढ्याच शब्दांवर हे सगळं संपवतात. एक विचारायचं होतं. तुटीची अट घातली तर सरकार दुसरा खर्च कापू शकतं की. शाळा-दवाखान्यावरच का येतं?

---

बालाघाट

मन्याड, छोटं गणित मांडतो. आकडे कल्पित आहेत.

समजा महसूल १०० रुपये. व्याज ३०. व्याज सोडून बाकी खर्च ९०: पगार ४०, निवृत्तिवेतन १०, बांधकाम १५, औषधं-पुस्तकं-आहार १०, इतर १५. प्राथमिक शिल्लक झाली अधिक १०. नाणेनिधी म्हणतो, ती १५ करा. म्हणजे कर वाढवा नाहीतर ५ रुपये कापा. कर वाढवून पैसा यायला वर्ष-दोन वर्षं लागतात, हप्त्याचा आढावा सहा महिन्यांवर आलेला असतो.

मग कापायचं कुठं? व्याज या गणितात धरलेलंच नाही. निवृत्तिवेतन कोर्टात टिकणारं देणं. सेवेत असलेल्या कर्मचाऱ्याचा पगार कमी करता येत नाही. बांधकामात ठेकेदाराची बिलं अडकलेली, ती पुढं ढकलली तरी देणं राहतंच. लगेच कापता येण्याजोगं उरतं ते दोनच: औषधं-पुस्तकं-आहाराचे १० रुपये आणि रिकामी पदं. निवृत्त झालेल्याच्या जागी भरती केली नाही की पगाराची ओळ आपोआप उतरते, कुणाला काढावं लागत नाही, मोर्चा निघत नाही. आणि पगाराच्या त्या ४० रुपयांतला मोठा हिस्सा शिक्षक, परिचारिका आणि पोलिसांचाच असतो. पोलीस भरती थांबवणं कठीण.

शाळा कापा असं कुठल्याही करारात लिहिलेलं नसतं. पण बाकीच्या वाटा बंद असल्या की पाणी उताराला तिथंच येतं.

---

तेरणा

यात झांबियाचं उदाहरण घ्यायलाच हवं. २००४ च्या सुमारास तिथं सरकारी पगाराचा एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या ८ टक्क्यांच्या आत ठेवायची अट होती. प्रशिक्षण घेतलेले हजारो शिक्षक घरी बसले होते, शाळांत शिक्षक नव्हते आणि मदत देणारे देश शिक्षणासाठी पैसा द्यायला तयार होते. तरी भरती करता येईना, कारण पैसा कुठूनही आला तरी पगार त्या ८ टक्क्यांतच मोजला जाणार.

२००७ मध्ये नाणेनिधीच्याच स्वतंत्र मूल्यमापन कार्यालयानं सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडल्या आफ्रिकी देशांचा १९९९ ते २००५ चा हिशेब तपासला. वाढीव मदतीतल्या दर डॉलरपैकी जवळपास तीन-चतुर्थांश भाग गंगाजळी वाढवायला आणि देशांतर्गत कर्ज फेडायला धरलेला निघाला. खर्चाला उरला चतुर्थांशाच्या जरासा वर. ज्या देशांत गंगाजळी कमी आणि महागाई जास्त तिथं हे अधिक. त्याच वर्षी नाणेनिधीनं पगारावरची कमाल मर्यादा अपवादानंच वापरायचं ठरवलं. पुढं २०१९ मध्ये सामाजिक खर्चाचं धोरण आलं, त्यातून किमान खर्चाची लक्ष्यं वाढली. बदल झाला आहे, हे मान्य करायला हवं. पण वर बालाघाटांनी सांगितलेली तफावत तशीच आहे.

---

दुधना

माझं मत थोडं वेगळं आहे. झांबियाचं आपल्याला लावू नका. भारतानं नाणेनिधीकडून शेवटचं कर्ज १९९१ मध्ये घेतलं, बँक ऑफ इंग्लंडकडं सोनं तारण ठेवायची पाळी आली होती तेव्हा. ते कधीच फिटलंय. आज जिल्हा परिषद शाळंत शिक्षक नाही, त्याचं कारण वॉशिंग्टनमध्ये शोधायचं काय? तुटीला मर्यादा घालणारा राजकोषीय उत्तरदायित्वाचा कायदा २००३ मध्ये आपल्या संसदेनं केला, महाराष्ट्रानं आपला २००५ मध्ये. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करा हे कोठारी आयोगानं १९६६ मध्ये सांगितलं, २०२० च्या धोरणात पुन्हा तेच वाक्य. मधल्या काळात हात कुणी धरला होता?

आपल्या नाकर्तेपणाला सावकाराचं निमित्त देऊ नये, एवढंच म्हणणं.

---

हिशेबनीस

दुधना यांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. राज्याच्या एकूण शिक्षण-आरोग्य खर्चात बाहेरच्या कर्जाचा वाटा लहानच असतो. पण त्या वाट्याचा प्रभाव मोठा का पडतो, ते समजून घ्यावे लागेल.

पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज ही बांधील रक्कम बाजूला काढली की खात्याकडे नवीन काही करायला मोकळा पैसा फार थोडा उरतो. बाहेरचे कर्ज नेमके त्याच मोकळ्या जागेत येते. त्यामुळे कुठल्या तालुक्यात इमारत, कोणते यंत्र, कोणते प्रशिक्षण, कोणती चाचणी हे ठरवण्यात त्याचा आवाज त्याच्या रकमेच्या कितीतरी पट असतो.

डीपीईपीचे नियम बघा. एकूण खर्चात बांधकाम २४ टक्क्यांपर्यंत (पुढे ही मर्यादा वाढवून ३३ टक्क्यांच्या आसपास नेली), व्यवस्थापन ६ टक्क्यांच्या आत. शाळेला वर्षाला २००० रुपये, शिक्षकाला साहित्यासाठी ५०० रुपये. केंद्राकडून ८५ टक्के, राज्याचे १५ टक्के. आणि एक अट फार महत्त्वाची होती: राज्याने प्राथमिक शिक्षणावरचा आपला आधीचा खर्च खऱ्या किमतीत, म्हणजे महागाई वजा जाता, कमी करायचा नाही. बाहेरचा पैसा वरचा असला पाहिजे, आपल्या पैशाच्या जागी बसणारा नव्हे.

ही अट अगदी योग्य होती. ती मोडते कुठे, ते सांगतो. राज्याचा एकूण खर्च पगारवाढीने आपोआप फुगतो. पाचव्या वेतन आयोगासारखे काही लागू झाले की कागदावर खर्च वाढलेला दिसतो, अट पूर्ण होते. प्रत्यक्षात पुस्तक, फळा, स्वच्छतागृह यांच्यावरचा पैसा वाढलेला असेलच असे नाही. म्हणून अशी अट एकूण रकमेवर नसावी, पगार वगळून उरणाऱ्या खर्चावर असावी.

---

तेरणा

हिशेबनीस सरांना +१.

डीपीईपीबद्दल आणखी एक सांगते. शिक्षकांना प्रशिक्षण आणि मदत देणारी गट संसाधन केंद्र आणि समूह संसाधन केंद्र ही रचना या कार्यक्रमानं घट्ट केली, आणि ती टिकली. लक्ष्यंही स्पष्ट होती: गळती १० टक्क्यांच्या खाली, मुलगा-मुलगी फरक ५ टक्क्यांच्या आत, संपादणूक, म्हणजे मुलांची शिकण्याची पातळी, २५ टक्क्यांनी वर. गळती आणि पटनोंदणी यांवर काम झालं. संपादणूक मात्र पैशानं सरळ वाढत नाही, तिथं शिक्षक लागतो. आणि कायम शिक्षकाचा पगार हा प्रकल्पाच्या पैशात न बसणारा खर्च.

महाराष्ट्रात शिक्षणसेवक योजना २००० मध्ये आली. प्राथमिकला मानधन महिना ३००० रुपये, तीन वर्षं. योजना राज्याची, बँकेच्या करारातून आलेली नव्हे, हे नीट लक्षात ठेवू या. पण तो काळ सगळीकडंच राज्यांच्या तिजोऱ्या आवळण्याचा होता आणि डीपीईपी चाललेल्या बऱ्याच राज्यांत कमी मानधनावरचे शिक्षक हाच मार्ग निघाला. २०२३ मध्ये प्राथमिकचं मानधन १६,००० केलं. वर्षाला १,९२,००० रुपये. नियमित प्राथमिक शिक्षकाची वेतनश्रेणी २९,२०० पासून सुरू, त्यावर महागाई भत्ता. वित्त विभागाच्या टेबलावर हा फरक दिसतो, वर्गातलं दिसत नाही.

---

सिंदफणा

आता दवाखान्याकडं वळू, कारण सावकाराची शर्त सर्वांत उघडी तिथं दिसते: सेवाशुल्क, आपल्या भाषेत केसपेपरची फी.

१९८७ मध्ये जागतिक बँकेनं विकसनशील देशांच्या आरोग्यखर्चावर धोरणपत्र काढलं. त्यातल्या चार सूचनांपैकी पहिलीच सरकारी दवाखान्यात शुल्क लावा ही होती. बाकी तीन: विमा, खासगी क्षेत्राचा वापर, विकेंद्रीकरण. तर्क असा की जो देऊ शकतो त्याच्याकडून घ्या, गरिबाला सूट द्या, पैसा त्याच दवाखान्यात ठेवा, म्हणजे औषधं येतील.

केनियात डिसेंबर १९८९ मध्ये शुल्क लागलं. नैरोबीतल्या लैंगिक आजारांच्या एका सरकारी चिकित्सालयातली नोंद प्रसिद्ध आहे: पुरुष रुग्णांची महिन्याची हजेरी आधीच्या ४० टक्क्यांवर आली, स्त्रियांची ६५ टक्क्यांवर. संसर्गाचे रुग्ण उपचाराविना परत जात होते. सप्टेंबर १९९० मध्ये सरकारला बाह्यरुग्ण शुल्क स्थगित करावं लागलं. आणि जमा किती व्हायचं? आफ्रिकी देशांत शुल्कातून चालू खर्चाच्या सरासरी ५ टक्क्यांच्या आसपासच निघत होतं. त्यातून पावती, रोखपाल आणि हिशेबाचा खर्च वजा करा.

युगांडानं मार्च २००१ मध्ये सरकारी केंद्रांतलं शुल्क काढलं, झांबियानं एप्रिल २००६ मध्ये ग्रामीण भागातलं. दोन्हीकडं गर्दी एकदम वाढली. इथं धडा असा की शुल्क काढायच्या आधी औषधसाठा आणि माणसं वाढवावी लागतात, नाहीतर खिडकी फुकट होते आणि रुग्णाला चिठ्ठी देऊन बाहेरच्या मेडिकलवर पाठवलं जातं. खर्च तिकडं सरकतो.

आपल्याकडं महाराष्ट्र आरोग्य सेवा विकास प्रकल्प १९९९ मध्ये सुरू झाला, बँकेचं कर्ज सुमारे १३.४ कोटी डॉलर. जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांचा दर्जा वाढवायचा होता. अशा राज्य-प्रकल्पांत, आंध्रपासून सुरुवात होऊन पंजाब, कर्नाटक, बंगाल, ओडिशापर्यंत, धोरणाचं गाठोडं सारखंच असायचं: आरोग्याचा अर्थसंकल्पातला वाटा वाढवा, शुल्क लावा पण ते रुग्णालयातच राहू द्या, साफसफाई-धुलाई-आहार बाहेरच्या ठेक्यावर द्या.

शुल्क रुग्णालयातच राहू द्या, ही अट मला आजही बरोबर वाटते. आधी जमा कोषागारात जायची आणि साधा बल्ब आणायला महिने लागायचे. सूट द्यायची पद्धत मात्र कच्ची राहिली. पिवळं रेशनकार्ड दाखवा म्हणजे माफ. ऊसतोडीला सहा महिने बाहेर असलेल्या कुटुंबाचं कार्ड गावात, माणूस आजारी पडतो कारखान्याच्या फडावर. ज्याला सूट हवी त्याच्याच हातात कागद नसतो.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात नाहीत, ती दुसऱ्या खात्याकडं. चांगला निर्णय. पण रुग्ण कल्याण समितीच्या हातात शुल्कातून येणारा तो थोडा मोकळा पैसा थांबला, तर त्याची भरपाई वेगळ्या ओळीत दिसली पाहिजे. ती ओळ शोधा, म्हणजे फुकटचा खरा हिशेब कळेल.

---

मांजराकाठ

लई उपयोगी माहिती होऊ लालीय. एक शंका. प्रकल्प संपल्यावर यंत्रं बंद पडतात ही सगळीकडची ओरड. त्यात सावकाराचा दोष किती अन् आपला किती?

---

सिंदफणा

मांजराकाठ भाऊ, एक्स-रे यंत्र घ्या. तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात ते प्रकल्पाच्या पैशातून येतं. अर्थसंकल्पात पैसा कशावर खर्चायचा ते सांगणारा क्रमांक म्हणजे उद्दिष्टशीर्ष; यंत्राचं उद्दिष्टशीर्ष ५२, यंत्रसामग्री. हा भांडवलासारखा खर्च, कर्जात चालतो. ते रोज चालवायला काय लागतं? क्ष-किरण तंत्रज्ञाचं मंजूर आणि भरलेलं पद: उद्दिष्टशीर्ष ०१, वेतन. फिल्म, डेव्हलपर, फिक्सर: उद्दिष्टशीर्ष २१, सामग्री व पुरवठा. वीजबिल आणि किरकोळ दुरुस्ती: १३, कार्यालयीन खर्च. हमीचा काळ संपल्यावर वार्षिक देखभाल करार, आणि कधीतरी ट्यूब बदलणं, जे सर्वांत महाग. व्होल्टेज खालीवर होणाऱ्या गावात स्टॅबिलायझर नसेल तर ट्यूब लवकर जाते.

कर्जातून येते ती ५२ ची ओळ. ०१, २१ आणि १३ राज्याच्या. तुटीच्या वर्षी वित्त विभाग पहिली कात्री २१ आणि १३ ला लावतो, ०१ मधलं रिक्त पद भरायला परवानगी देत नाही. यंत्र धूळ खात पडलं तर अहवालात "यंत्र पुरवले" अशीच नोंद राहते, कारण लक्ष्य पुरवठ्याचं होतं, काढलेल्या एक्स-रेंचं नव्हे.

दोष दोघांचा. कर्ज देणाऱ्याला हप्ता वेळेत उचलला जावा याची घाई असते, आणि बांधकाम-खरेदीत पैसा लवकर उचलला जातो. आपल्याला फीत कापायला इमारत हवी असते. चालू खर्चाची तरतूद प्रकल्पाच्या तिसऱ्या वर्षापासून राज्याच्या अर्थसंकल्पात टप्प्याटप्प्यानं सरकवायची असते. पाचव्या वर्षी एकदम सगळा भार आला की तो कुणीच उचलत नाही.

देखरेख नसली तर काय होतं याचं उदाहरण ओडिशाचं. जानेवारी २००८ मध्ये बँकेनं भारतातल्या पाच आरोग्य प्रकल्पांची स्वतःच केलेली सखोल तपासणी जाहीर केली. ओडिशात पाहिलेल्या ५५ रुग्णालयांपैकी बहुतेक ठिकाणी अपुरी कामं, गळकी छतं, न चालणारी पाणी-वीज-सांडपाण्याची व्यवस्था निघाली. कामं पूर्ण झाल्याचे दाखले मात्र दिलेले.

---

दुधना

हे पटलं. ओळींचा हिशेब असा कधी पाहिला नव्हता. तरी विचारतो: कर्जाचा पैसा राज्याला मिळतो कसा? व्याज कोण भरतं? "जागतिक बँकेकडून स्वस्त कर्ज" असं पेपरात येतं, ते किती खरं?

---

हिशेबनीस

चांगला प्रश्न. क्रमाने सांगतो.

प्रकल्प-कर्जात बहुतेक वेळा आधी राज्याला स्वतःच्या अर्थसंकल्पातून खर्च करावा लागतो. प्रकल्प कक्ष खर्चाचे विवरणपत्र तयार करतो आणि दिल्लीला केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या सहाय्य लेखा व लेखापरीक्षा नियंत्रकांकडे पाठवतो. तिथून दावा बँकेकडे जातो, डॉलर रिझर्व्ह बँकेत येतात, मग रुपये राज्याच्या एकत्रित निधीत. म्हणजे पैसा थेट शाळेच्या खात्यात येत नाही. राज्याच्या तिजोरीत रोख कमी असेल तर पहिली पायरीच होत नाही, आणि मंजूर कर्ज न उचलता पडून राहते. न उचललेल्या रकमेवर बँक वर्षाला ०.२५ टक्के बांधिलकी शुल्क लावते. खरेदीची पद्धत करारातल्या नियमांपासून ढळली तर बँक ते बिल अमान्य करते, तेवढी कर्जरक्कम रद्दही करू शकते. वस्तू आलेली असते, बिल राज्याच्या माथी.

स्वस्ताईबद्दल. नव्वदच्या दशकात भारताला आंतरराष्ट्रीय विकास संघाकडून, म्हणजे बँकेच्या सवलतीच्या खिडकीतून कर्ज मिळे: ०.७५ टक्के सेवाशुल्क, ३५ वर्षे, पहिली १० वर्षे मुद्दल नाही. पण केंद्र ते राज्याला तसेच देत नसे. सर्वसाधारण राज्यांना ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के अनुदान अशा रूपात रुपयांत मिळे, आणि त्या ७० टक्क्यांवर केंद्राचा त्यावेळचा दर, साधारण १२-१३ टक्के. विनिमय दराचा धोका केंद्राकडे. डीपीईपी केंद्रपुरस्कृत असल्याने त्याला हे लागू नव्हते, तिथे ८५ टक्के अनुदानच येत होते. आरोग्य प्रकल्पासारख्या राज्याच्या कर्जाला मात्र लागू होते. म्हणजे वॉशिंग्टनमध्ये पाऊण टक्क्याचे कर्ज मुंबईत पोचेपर्यंत बरेच महाग होई.

बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर, १ एप्रिल २००५ पासून नव्या कर्जांना हे बदलले. आता मूळ अटी जशाच्या तशा राज्याकडे येतात, पण रुपया घसरला तर तो फटकाही राज्याचाच. आणि २०१४ नंतर भारत सवलतीच्या खिडकीतून बाहेर पडला. आता बँकेचे नेहमीचे, बाजारदराशी जोडलेले कर्ज. तेव्हा "स्वस्त" हा शब्द जपून वापरावा.

---

तेरणा

आता शर्तीचा चेहराही बदललाय. २०१२ पासून बँकेचा निकालाधारित कर्जप्रकार आला. खर्चाच्या पावत्यांवर पैसा सुटत नाही, ठरलेली निष्पत्ती त्रयस्थानं तपासून मान्य केली की सुटतो. शिक्षणातला 'स्टार्स' प्रकल्प या घराण्यातला: जून २०२० मध्ये ५० कोटी डॉलर मंजूर, सहा राज्यं, त्यात महाराष्ट्र. तिसरीच्या मुलांची भाषेतली किमान पातळी हा त्यातला एक मोजमापाचा आकडा. 'परख' हे राष्ट्रीय मूल्यमापन केंद्रही यातूनच उभं राहिलं.

चांगली बाजू अशी की फीत कापून पैसा मिळत नाही. धोकेही ओळखा. मोजलं जातं तेच शिकवलं जातं, तिसरीची भाषा मोजली तर सातवीचं विज्ञान मागं. दुसरं, कोणता वर्ग कर्जातून झाला हे दाखवताच येत नाही, कारण पैसा एकूण कार्यक्रमात मिसळतो. तिसरं, निकाल आधी आणि पैसा नंतर, म्हणून ज्या जिल्ह्याकडं सुरुवातीला शिक्षक आणि अधिकारी दोन्ही कमी, तो मागंच राहतो. आपल्याकडच्या अनुशेषाच्या जुन्या दुखण्यावर हे मीठच. राज्याच्या सरासरीवर निकाल मोजला तर पुण्याची वाढ किनवटची घसरण झाकून टाकते. जिल्हानिहाय लक्ष्याची मागणी करारापूर्वीच करायला हवी, नंतर उपयोग नाही.

---

बालाघाट

तेरणाताई, अगदी नेमकं.

पैसा खालपर्यंत पोचतो का, यावर युगांडाचा अनुभव जोडतो. १९९१ ते ९५ या काळात शाळांसाठीच्या दरडोई अनुदानातला सरासरी १३ टक्केच पैसा शाळेत पोचत होता. हे कळलं ते शाळाशाळांत जाऊन पावत्या आणि केंद्राच्या नोंदी ताडून पाहिल्यावर. मग सरकारनं दर महिन्याला जिल्ह्याला किती पाठवले ते वर्तमानपत्रात छापायला सुरुवात केली आणि शाळेच्या दारावर लावायला सांगितलं. काही वर्षांत पोचणारा वाटा ८० टक्क्यांच्या पुढं गेला. त्याच देशानं कर्जमाफीतून सुटलेला पैसा १९९८ पासून वेगळ्या दारिद्र्य निर्मूलन निधीत ठेवला, दुसरीकडं वळवायला बंदी. कर्ज देणाऱ्यांचा दबाव इथं कामी आला, हेही सांगायला हवं.

आणि फीमाफीचा परिणाम बघा: युगांडात १९९७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत झालं आणि पट सुमारे ३१ लाखांवरून ५३ लाखांवर. मलावीत १९९४ मध्ये १९ लाखांवरून २९ लाखांवर. केनियात २००३ मध्ये ५९ लाखांवरून ७२ लाखांवर. एवढी मुलं फीच्या भिंतीबाहेर उभी होती. आली तेव्हा एका वर्गात शंभर-शंभर बसली, कारण शिक्षकभरतीवर मर्यादा कायम.

---

मन्याड

सर, शेवटचं विचारतो. आपल्या जिल्ह्यापुरतं हे तपासायचं तर सुरुवात कुठून करू? महिन्याभराचा वेळ आहे, इंग्रजी बऱ्यापैकी वाचता येतं.

---

हिशेबनीस

राज्याच्या अर्थसंकल्पाची खातेनिहाय पुस्तके संकेतस्थळावर असतात. लेखाशीर्ष २२०२ सर्वसाधारण शिक्षण, २२१० वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य, ४२०२ आणि ४२१० त्यांचे भांडवली खर्च, २०४९ व्याजप्रदाने. २२०२ मध्ये उपप्रधान शीर्ष ०१ प्राथमिक, २२१० मध्ये ०३ ग्रामीण आरोग्य. प्रत्येक ओळीला तीन आकडे बघा: अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि दोन वर्षांनी येणारा प्रत्यक्ष खर्च. पेपरात पहिला छापतात. कात्री दुसऱ्यात दिसते, खरे तिसऱ्यात.

पाच वर्षांचा तक्ता करा. प्रत्येक शीर्षात ०१ वेतन वेगळे काढा, उरलेले २१, १३ आणि ५२ शेजारी मांडा. प्रकल्पाच्या वर्षांत ५२ फुगून २१ जागेवर राहिले असेल तर सिंदफणा यांनी सांगितलेले एक्स-रेचे दुखणे तुमच्या समोर असेल.

दुसरीकडे बँकेच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नावाने शोधा. तीन कागद पुरेत: मंजुरीवेळचा मूल्यांकन दस्तऐवज, कर्ज करार आणि प्रकल्प संपल्यावरचा समाप्ती अहवाल. करारात शेवटच्या परिशिष्टांपासून वाचायला सुरुवात करा, शर्ती तिथे असतात. समाप्ती अहवालात टिकाऊपणाचा भाग पहिल्यांदा वाचा, त्यात चालू खर्च राज्य उचलणार की नाही याबद्दल बँकेच्याच अधिकाऱ्यांनी लिहिलेले असते.

जिल्ह्याच्या पातळीवर माहिती अधिकारात एकच छोटा प्रश्न टाका: अमुक ग्रामीण रुग्णालयात क्ष-किरण तंत्रज्ञाचे पद मंजूर किती, भरलेले किती, आणि मागच्या बारा महिन्यांत महिनावार किती एक्स-रे काढले. "प्रकल्पाची सर्व माहिती द्या" असे लिहिले तर उत्तर येत नाही, आणि आले तर त्यातून काही निघत नाही.

---

मांजराकाठ

मन्याड, लातूर-धाराशिवच्या ग्रामीण रुग्णालयांचा २१ आणि ५२ चा तक्ता मी धरतो. तुम्ही नांदेड-हिंगोली घ्या. उद्दिष्टशीर्षाचे रकाने हिशेबनीस सरांच्या क्रमानंच ठेवू, म्हणजे शेजारी शेजारी लावता येतील.